मुंबई मॅरेथॉननंतरचे १६ आठवडे : पुण्यातील एका ऑफ-सीझन प्रशिक्षणवर्गाचे परीक्षण

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला, की पुण्यातल्या हौशी धावकांचे दोन तट पडतात. एक तट पदक गळ्यात घालून काढलेले छायाचित्र सगळ्यांना पाठवून झाल्यावर बूट माळ्यावर टाकतो आणि साताऱ्याच्या घाटातली अर्धमॅरेथॉन तोंडावर आल्याशिवाय ते खाली काढत नाही. दुसरा तट मुंबईहून परतल्यावर आठवडा संपायच्या आत पुन्हा रस्त्यावर दिसतो, फेब्रुवारीत दहा किलोमीटरची, मार्चमध्ये एकवीस किलोमीटरची शर्यत उरकतो आणि एप्रिलमध्ये गुडघा किंवा टाच धरून फिजिओथेरपिस्टच्या दारात बसतो. या दोन्ही तटांकडे पाहून गेल्या काही वर्षांत शहरात ‘ऑफ-सीझन’ या नावाने वर्ग निघाले आहेत. शर्यत नसलेल्या महिन्यांसाठी पैसे मोजायचे, ही कल्पना पुणेकर मनाला पटकन पचणारी नव्हे. म्हणूनच यंदा असा एक वर्ग पूर्ण केल्यावर त्यात काय मिळते आणि काय मिळत नाही, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

वर्ग पश्चिम पुण्यातला, जानेवारीच्या अखेरीस सुरू होऊन मेच्या मध्याला संपणारा, १६ आठवड्यांचा आहे. शुल्क १८,००० रुपये आणि मी पैसे भरले तेव्हा त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर होता, म्हणजे पावती २१,२४० रुपयांची झाली. तुकडीत २४ जण आणि त्यांच्यामागे तीन प्रशिक्षक. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या तिच्या एकटीच्या नाहीत. याच साच्यातले वर्ग आणखीही ठिकाणी चालतात आणि पैसे भरण्यापूर्वी वाचकाने जोखायचा असतो तो हा साचाच. माझ्याविषयी एवढे सांगणे पुरे, की मी ४६ वर्षांची, नोकरी सांभाळून पळणारी, पूर्ण मॅरेथॉनला साडेचार तासांच्या आसपास वेळ घेणारी धावक आहे आणि माझी डावी टाच उन्हाळ्याच्या तोंडाशी हटकून कुरकुरते. तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवणाऱ्या तरुणाला माझे काही निष्कर्ष लागू पडणार नाहीत.

पहिले दोन आठवडे पळायचेच नाही, असा नियम आहे आणि तो कागदापुरता नाही. कोणी गुपचूप पळून आल्याची नोंद ॲपवर दिसली, की दुसऱ्या दिवशी तुकडीच्या गटावर नाव न घेता, पण सर्वांना नेमके कळेल अशा बेताने, तिचा उल्लेख होतो. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात चालणे, पोहणे, सायकल आणि एक दिवसाआड वीस-पंचवीस मिनिटांचे हलके पळणे. एकंदर शुल्काचा चौथा हिस्सा अशा रीतीने ‘काही न करण्यासाठी’ जातो, असा हिशेब तुकडीतल्या एका सद्गृहस्थांनी पहिल्याच बैठकीत मांडला होता. त्यावर मुख्य प्रशिक्षकांनी दिलेले उत्तर मला पटले. ४२ किलोमीटर पळाल्यावर स्नायूंच्या झिजेचे निदर्शक असलेले क्रिएटिन कायनेज हे विकर रक्तात वाढते, ते एक-दोन दिवसांत शिखर गाठते आणि पूर्वपदावर यायला त्याला आठवडाभर, कधी त्याहून अधिक काळ लागतो. जिना उतरताना मांड्या दुखायच्या थांबल्या म्हणजे आतली दुरुस्ती पुरी झाली, असे नसते.

विश्रांतीने कमावलेला दमसास जाईल, ही धावकांची जुनी भीती. ती सर्वस्वी खोटी नाही, मात्र तिला प्रमाण आहे. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आणि आजही दाखला म्हणून दिल्या जाणाऱ्या एका अमेरिकन अभ्यासात ७ सरावलेल्या खेळाडूंनी ८४ दिवस सराव पूर्ण बंद ठेवला, तेव्हा ऑक्सिजन वापरण्याची त्यांची कमाल क्षमता पहिल्या तीन आठवड्यांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि पुढे घसरण मंदावत १६ टक्क्यांच्या आसपास स्थिरावली. सुरुवातीची घट मुख्यतः हृदय एका ठोक्याला कमी रक्त पुढे ढकलू लागते म्हणून होते, आणि सराव पुन्हा सुरू झाला की हे नुकसान भरून निघते. दोन आठवड्यांची विश्रांती आणि त्यानंतरचे दोन आठवडे हलकी हालचाल, एवढ्याने जे जाते ते मार्चअखेर परत येते. थकलेल्या कंडरेवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीवर, फेब्रुवारीत शर्यत लादून जे जाते ते मात्र पावसाळ्यापर्यंत सतावते. हे सारे कोणत्याही पुस्तकात फुकट वाचायला मिळते, हे खरे. तरीही फेब्रुवारीच्या थंड पहाटे घरात बसून राहायला लावणारा माणूस पुस्तकात मिळत नाही, आणि माझ्यासारखीला तोच लागतो.

पाचव्या आठवड्यापासून वर्गाचा खरा गाभा सुरू होतो आणि तो म्हणजे मंगळवार-शुक्रवार संध्याकाळचे बळाचे सत्र. संस्थेने त्यासाठी पेठेतल्या एका जुन्या तालमीचा हॉल भाड्याने घेतला आहे. एका अंगाला ताडपत्रीखाली झाकलेला तांबड्या मातीचा हौदा, भिंतीवर शेंदरी मारुती आणि त्याच्या गळ्यात शनिवारचा रुईचा हार, दुसऱ्या अंगाला रबरी चटया, लोखंडी पट्ट्या आणि वजने. ज्या वास्तूचा उंबरा बायकांनी ओलांडण्याची एकेकाळी पद्धत नव्हती, तेथे आमच्या तुकडीतल्या नऊजणी वजने उचलतात, हे मला वर्गाच्या माहितीपत्रकातल्या कोणत्याही ओळीपेक्षा मोलाचे वाटले. सत्र घेणाऱ्या मॅडम पेशाने फिजिओथेरपिस्ट आहेत आणि स्वतः धावतात, त्यामुळे ‘पळणाऱ्यांना वजने कशाला’ हा प्रश्न त्यांना विचारावा लागत नाही; त्या तो स्वतःच काढतात आणि निकालात काढतात.

पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाची एका पायाची चाचणी झाली. भिंतीला बोटे टेकवून, गुडघा ताठ ठेवून, एकाच पायाच्या चवड्यावर पुन्हा पुन्हा उठायचे. साधारण पंचवीस वेळा न थकता उठता आले तर पोटरी धावकाच्या कामाची. तीन-साडेतीन तासांत मॅरेथॉन काढणारे पुरुषही पंधरा-सोळाला थरथरू लागले आणि माझी डावी पोटरी निम्म्यावरच थांबली. कोपऱ्यात बसून हा प्रकार पाहणारे तालमीचे वस्ताद शेवटी न राहवून म्हणाले, “एवढं पळता, आणि पायात काहीच नाही होय?” बोचले, तरी निदान अचूक होते. पळताना गुडघा वाकलेला असतो, तेव्हा पोटरीच्या आतल्या थरातला सोलियस स्नायू दर पावलाला शरीराच्या वजनाच्या सहापट किंवा त्याहूनही अधिक ताण पेलतो, असे मोजमापांवरून मानले जाते. कित्येक वर्षे पळूनही हा स्नायू आपोआप तेवढा बळकट होत नाही, कारण पळण्याने त्याला दम मिळतो, जोर मिळत नाही.

टाचेसाठी जो व्यायाम दिला गेला तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. लाकडी फळीच्या कडेवर चवडा टेकवून टाच अधांतरी ठेवायची. दोन्ही पायांच्या जोरावर वर उठायचे. मग चांगला पाय अलगद उचलून घ्यायचा आणि दुखऱ्या पायाच्या एकट्याच्या आधारावर टाच फळीच्या पातळीखाली, मनात आकडे मोजत, सावकाश उतरवायची. उतरवण्याचे काम दुखऱ्या पायाचे, पुन्हा वर नेण्याचे काम दोघांचे. एकदा गुडघा ताठ ठेवून आणि एकदा वाकवून. ही पद्धत १९९८ साली स्वीडनमधील हाकन आल्फ्रेडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. तिच्या मूळ रूपात प्रत्येक प्रकार पंधराच्या तीन फेऱ्यांचा, दिवसातून दोनदा आणि सलग १२ आठवडे, म्हणजे दिवसाला १८० वेळा करायचा असतो. नोकरदार माणसाला हा रोजचा रतीब जमत नाही, हे मॅडमना ठाऊक होते. पुढच्या काळातील अभ्यासात आठवड्यातून तीनदाच, पण जड वजन घेऊन संथपणे केलेल्या व्यायामानेही तितकाच गुण आल्याचे आढळले आहे. त्याचा आधार घेऊन त्यांनी दोन सत्रे तालमीत आणि तिसरे घरी, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची पिशवी भरून, असा मार्ग काढला. दुखण्याला दहापैकी किती गुण, हे प्रत्येक सत्राआधी विचारले जाई आणि चाराच्या वर आकडा गेला, की वजन कमी होई. मार्चमध्ये टाच ठरल्याप्रमाणे कुरकुरली, मात्र यंदा पळणे थांबवावे लागले नाही, आणि वर्ग संपताना घेतलेल्या चाचणीत डाव्या-उजव्या पोटरीतला फरक जवळजवळ उरला नव्हता.

उरलेले सत्र मोठ्या हालचालींचे असते. षट्कोनी चौकटीच्या दांड्यामध्ये उभे राहून वजन जमिनीवरून उचलणे, एक पाय मागच्या बाकावर ठेवून केलेल्या बैठका, हातात वजन घेऊन उंच पायरीवर चढणे. नवव्या आठवड्यापासून दोरीवरच्या आणि एका पायावरच्या बुटक्या उड्या. विशेष सांगायचे ते संख्येबद्दल. तालमीच्या परंपरेत बैठका शेकड्यांनी मोजल्या जातात आणि धावकांचाही समज असा, की आपल्याला हलके वजन आणि भरपूर आवर्तने हवीत. येथे उलट आहे. वजन असे निवडायचे, की चार ते सहा वेळा उचलल्यावर आणखी एक-दोनदाच जमेल, आणि दोन फेऱ्यांत तीन मिनिटे स्वस्थ बसायचे. अनेक आवर्तनांचा दम धावकाला रस्त्यावर मिळतोच. जड वजनाने मज्जासंस्था एकाच वेळी अधिक स्नायुतंतू कामाला लावायला शिकते, कंडरा ताठ होते, आणि त्याच वेगाने पळायला कमी ऑक्सिजन लागतो, हे अनेक प्रयोगांत दिसून आले आहे. वजने उचलल्याने अंग भरेल, ही तुकडीतल्या बायकांची धास्ती होती. आठवड्यातून दोनदा मोजक्या आवर्तनांचा व्यायाम आणि सोबतीला पळणे, इतक्याने कोणाचेही अंग भरले नाही. ती तीन मिनिटे स्वस्थ बसणे मात्र बहुतेकांना वजनापेक्षा जड गेले.

येथपर्यंत वर्गाला शंभरपैकी नव्वद गुण द्यायला माझी हरकत नाही. गुण कापावे लागतात ते पळण्याच्या आराखड्यात.

तत्त्व चांगले आहे, त्याला वंशावळही थोर आहे. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी आपल्या धावकांना शर्यतींचा हंगाम येण्यापूर्वी आठवड्याला शंभर मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर, बेताच्या वेगाने पळवले. त्यांचा शिष्य पीटर स्नेल हा तर ८०० मीटरचा धावक, तोही या पायाभरणीतून सुटला नाही, आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याने ८०० मीटरचे आणि त्यांचाच दुसरा शिष्य मरी हालबर्ग याने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. पुढे नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियातज्ज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल दर्जाच्या दमसासी खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची सुमारे ८० टक्के सत्रे हलक्या जोराची असल्याचे दिसले. आमच्या वर्गाचा पाया हाच आहे : आठवड्यातले एक सत्र वगळता बाकी सगळे असे पळायचे, की सोबत गप्पा मारता याव्यात.

हे तत्त्व अंगी बाणवण्याची त्यांची तऱ्हा तर मला फारच आवडली. वेताळ टेकडीच्या चढावर प्रशिक्षक शेजारी येऊन पळू लागतात आणि एकदम म्हणतात, “ताई, सतराचा पाढा म्हणा.” न अडखळता, ओळीच्या मध्ये श्वास न तोडता पाढा म्हणता आला तर वेग योग्य, सतरा चोकला धाप लागली तर चालायला लागायचे. इंग्रजी शाळेत शिकलेल्या एका तरुणाला सतराचा पाढाच येत नव्हता, त्यामुळे त्याचा दम कमी की गणित कच्चे, याचा निर्णय शेवटपर्यंत लागला नाही. पण ही कसोटी बिनखर्चाची आहे आणि घड्याळाइतकीच, काही वेळा घड्याळापेक्षाही, विश्वासार्ह आहे. मनगटावरच्या घड्याळातला प्रकाशाचा संवेदक कधी कधी हृदयाच्या ठोक्यांऐवजी पावलांचीच लय पकडतो आणि निवांत पळणाऱ्याला १७०-१७५ चा आकडा दाखवून घाबरवतो. छातीवर बांधायचा पट्टा याबाबत कितीतरी अधिक भरवशाचा असतो.

मग बिनसते कुठे? पाढ्यांवर थांबण्याऐवजी वर्ग लवकरच सूत्राकडे वळतो. पायाभरणीच्या पहिल्या टप्प्यात ठोक्यांची कमाल मर्यादा ‘१८० वजा वय’ या सूत्राने ठरवली जाते. माझ्या वाट्याला १३४ आले. वयावरून ठोके काढणारी सगळी सूत्रे सरासरीची असतात. ‘२२० वजा वय’ हे जगप्रसिद्ध सूत्रही एकेका व्यक्तीच्या बाबतीत सहज दहा-बारा ठोक्यांनी चुकते. त्यामुळे तुकडीतल्या काहींना ही मर्यादा ढिली, तर काहींना गळफास झाली. आठव्या आठवड्यात ट्रॅकवर ३० मिनिटे सर्व शक्तीनिशी पळवून शेवटच्या २० मिनिटांच्या सरासरी ठोक्यांवरून प्रत्येकाचे वैयक्तिक टप्पे आखले गेले, आणि माझी हलक्या पळण्याची मर्यादा चांगली वर सरकली. ही चाचणी मॅरेथॉननंतर लगेच घेणे धोक्याचे, हे मान्य. मात्र तोवर सूत्राऐवजी पाढेच चालू ठेवले असते तर काय बिघडले असते?

याहून मोठी अडचण पंचांगाची आहे. पायाभरणीचे हे तंत्र ज्या देशांत घडले तेथे ऑफ-सीझन म्हणजे हिवाळा. शर्यती उरकल्या, थंडी पडली, की तासन्‌तास निवांत पळायचे, हे तिकडच्या हवामानाला साजेसे आहे. आपल्याकडे मोठ्या शर्यती हिवाळ्यात, त्यामुळे आपली पायाभरणी ऐन उन्हाळ्यात येते. वर्गाचा आराखडा याची दखल घेत नाही. साप्ताहिक अंतर फेब्रुवारीअखेरपासून चढत जाते आणि एप्रिलच्या अखेरीस, म्हणजे पुण्याचा पारा ३८-४० अंशांवर गेलेला असताना, सर्वांत मोठे होते. रविवारचे लांब पळणे सहाला सुरू होते, आणि त्या दिवसांत सूर्यही सहा-सव्वासहालाच उगवतो. अडीच तासांचे पळणे संपेपर्यंत ऊन चांगलेच तापलेले असते. उष्णतेत रक्ताचा मोठा वाटा कातडीकडे वळतो, घामाने रक्तातला द्रव घटतो, हृदयाला तेच काम करायला अधिक ठोके द्यावे लागतात; वेग तोच असूनही दुसऱ्या तासात आकडा चढतच राहतो. एकीकडे ठोक्यांची मर्यादा आणि दुसरीकडे किलोमीटरचे लक्ष्य, अशा कात्रीत सापडून पाषाणच्या बाजूला भर उन्हात चालत लक्ष्य पुरे करणारे आमच्यातले पाच-सहा जण लांब पळण्याच्या दर रविवारी दिसत.

उन्हाचा फायदा होतच नाही, असे माझे म्हणणे नाही. दहा ते चौदा दिवस रोज तासभर उष्णतेत बेताचा व्यायाम केला, की रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर आणि भरपूर येऊ लागतो आणि शरीर उकाड्याला सरावते. जानेवारीतल्या मुंबईच्या दमट हवेत पळणाऱ्याला अशा सरावाचा उपयोग आहेच. पण हा सराव दोन-तीन आठवड्यांतच ओसरू लागत असल्यामुळे एप्रिलमध्ये भोगलेला उकाडा जानेवारीत कामी येत नाही. माझ्या मते या शहरात एप्रिल-मे हे महिने बळाच्या सत्रांना, पोहण्याला आणि छोट्या पहाटफेऱ्यांना द्यावेत आणि अंतराची चढण जूनच्या सरींवर सोपवावी. प्रशिक्षकांशी मी हे बोलले. त्यांचे म्हणणे असे, की जूनपासून साताऱ्याच्या आणि लडाखच्या तयारीचे वेगळे वर्ग सुरू होतात. यातला व्यवहार मला कळतो. शरीराचे वेळापत्रक मात्र वर्गांच्या वेळापत्रकाला बांधलेले नाही.

एका आड एका रविवारी लांब पळण्याऐवजी सिंहगड असे, आणि तो बेत उत्तम होता. गडाची उंची सुमारे १,३०० मीटर, पायथ्यापासून पायवाटेची चढण सुमारे ६०० मीटर. चढताना हृदयाला काम आणि सांध्यांना धक्का कमी, उतरताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलायला शिकतात. मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवरचा पेडर रोडचा चढ संपल्यानंतरच्या उतारावर ज्यांच्या मांड्यांनी कधी असहकार पुकारला आहे, त्यांना या उतरणीचे मोल सांगायला नको. भल्या पहाटे निघाल्याने गर्दी आणि ऊन दोन्ही टळते. वर मडक्यातले दही आणि ताक घ्यायला मुभा होती, भजीबद्दल प्रशिक्षकांनी सोयीस्कर मौन पाळले.

आहाराचा भाग निराशाजनक आहे. एक ऑनलाइन व्याख्यान आणि एक छापील तक्ता, ज्यात ओट्स, ग्रीक योगर्ट, ॲव्होकॅडो आणि व्हे प्रोटीन यांची रेलचेल. दमसासी खेळाडूने दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते २ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, ही शिफारस योग्यच आहे. ५५ किलोच्या बाईला त्या हिशेबाने किमान ६६ ग्रॅम लागतात. पण आमच्या घरच्या ताटातून ते कसे निघावे? ज्वारीच्या दोन भाकऱ्यांत साधारण १० ग्रॅम, मटकीच्या उसळीच्या वाटीत ८, कपभर दुधात ८, मूठभर शेंगदाण्यांत ७. म्हणजे नेहमीच्या शाकाहारी जेवणात पन्नाशी गाठतानाच दमछाक होते आणि पनीर, सोया, अंडी किंवा पावडर यांपैकी काहीतरी जोडावे लागते. हा हिशेब मी स्वतः मांडला, तक्त्यात तो नव्हता. रक्ततपासणी करून घेण्याचा आग्रह मात्र योग्य होता, जरी तिचा खर्च शुल्कात धरलेला नसला. हिमोग्लोबिन व्यवस्थित असूनही फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तळाला गेलेल्या दोघीजणी तुकडीत निघाल्या. पाळी, घाम आणि तळपायावर सतत बसणाऱ्या आघाताने फुटणाऱ्या तांबड्या पेशी, या तिन्ही वाटांनी धावणाऱ्या बाईचे लोह जाते, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा उरल्यासुरल्या शोषणात खोडा घालतो. मॅरेथॉन संपल्यानंतरचा हा काळ अशा तपासणीला आणि उपचाराला सर्वांत सोयीचा.

ॲपबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. आराखडा त्यावर येतो, केलेले हिरवे, चुकलेले लाल. गेल्या ४२ दिवसांच्या भारावरून काढलेली ‘फिटनेस’ची रेषा विश्रांतीच्या आठवड्यांत साहजिकच खाली उतरते, आणि जो वर्ग विश्रांती घ्या म्हणून सांगतो त्याचेच ॲप ती रेषा लाल रंगात दाखवून धावकाच्या पोटात गोळा आणते. पहिल्या महिन्यात ही रेषा झाकून ठेवण्याची सोय करायला हवी.

गोव्याच्या ७०.३ स्पर्धेची, म्हणजे पोहणे, सायकल आणि पळणे मिळून ७०.३ मैलांच्या ट्रायॲथलॉनची, तयारी करणारे तीन ट्रायॲथलीट आमच्यासोबत होते. १.९ किलोमीटर पोहणे आणि ९० किलोमीटर सायकल ज्यांच्यापुढे आहे त्यांनी ऑफ-सीझनमध्ये पोहण्याच्या शैलीवर मेहनत घ्यायची असते. येथे तलावावर प्रशिक्षकच नसतो. बळाची सत्रे सोडली तर त्यांचे पैसे वसूल झाले नाहीत, असे मला वाटते. जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही सुमारे ९० किलोमीटरची शर्यत पळायला जाणाऱ्यांनी तर या वर्गाकडे फिरकूही नये, कारण त्यांचा मोसम नेमका फेब्रुवारी ते मे हाच असतो आणि त्यांना विश्रांती जुलैत घ्यायची असते. पहिलीच अर्धमॅरेथॉन नुकतीच पळालेल्यांनाही एवढ्या खर्चाची गरज नाही. त्यांनी दोन आठवडे स्वस्थ बसून नंतर एक दिवसाआड पळावे आणि उरलेले पैसे चांगल्या बुटांना द्यावेत.

ज्यांना पळून तीन-चार वर्षे झाली, वेळ तेथेच अडकला आहे आणि दरवर्षी एकच दुखणे डोके वर काढते, अशांनी मात्र हा किंवा अशा धर्तीचा वर्ग जरूर विचारात घ्यावा. पूर्ण वर्ग न घेता फक्त तालमीतली बळाची सत्रे घेता येतात का, हे विचारावे. आमच्या संस्थेने यंदापासून तशी सोय ९,००० रुपयांत ठेवली आहे आणि माझ्या हिशेबात तिचीच किंमत सर्वांत चोख आहे. बळाच्या सत्राला किती जणांमागे एक प्रशिक्षक, हेही विचारावे. दहाच्या वर आकडा असेल तर जड वजनाचा व्यायाम तेथे करू नये. रविवारचे पळणे एप्रिलपासून पहाटे पाचला सुरू करतात का, याचे उत्तर लेखी घ्यावे. पुढच्या तुकडीची नोंदणी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडते आणि तालमीतल्या जागा आधी संपतात.